उणिवांचा सांधा

कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन पाहत वाढलेल्यांना नर्स जॉयच्या दवाखान्यातली चॅन्सी आठवत असेल. गुलाबी, गुबगुबीत, पोटावरच्या पिशवीत अंडं सांभाळत लगबग करणारी. ब्लिसी हे तिचंच पुढचं रूप. पोकेमॉनच्या व्हिडिओ खेळात प्रत्येकाला सहा मूळ आकडे असतात. ब्लिसीचा एचपी, म्हणजे अंगातला जीव, २५५ आहे. हल्ला १० आणि बचाव १०. जीव मोप, पण कुणी नुसतं ढकललं तरी कोलमडेल असं अंग. नवख्याला हे आकडे दाखवले तर तो म्हणेल, हिला दवाखान्यातच राहू द्या.

तिच्या शेजारी स्कार्मरी ठेवून पाहा. पोलादी पिसांचा, करवतीच्या पात्यासारख्या पंखांचा पक्षी. बचाव १४०, एचपी मात्र जेमतेम ६५. दोघंही पहिल्यांदा आले ते १९९९च्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत. पण त्यांची जोडी खऱ्या अर्थानं जमली ती २००२च्या रुबी आणि सफायरमध्ये, ज्यांना खेळाडू तिसरी पिढी म्हणतात. तेव्हापासून या दोघांची नावं ‘स्कार्म-ब्लिस’ अशी एका दमात घेतली जातात. बचावाच्या संघाला खेळाडूंच्या भाषेत ‘स्टॉल’ म्हणतात, आणि या शब्दात कौतुकापेक्षा शिवीच जास्त. मला मात्र ही जोडी म्हणजे नेटक्या रचनेचा नमुना वाटते, आणि ती कशी बांधली आहे हे जरा उलगडून पाहावंसं वाटतं.

खेळ अगदी थोडक्यात असा. दोन्हीकडे सहा-सहा पोकेमॉन, मैदानात एका वेळी एकेकच. दर पाळीला एकतर चाल करायची, नाहीतर मैदानातला आत घेऊन दुसरा बाहेर काढायचा. बदली केली की ती पाळी त्यातच खर्ची पडते, आणि समोरच्यानं सोडलेला वार नव्यानं आलेल्याच्या अंगावर बसतो. सगळा बचाव या एका नियमावर उभा आहे. वार कुणासाठी होता आणि झेलला कुणी, या दोन गोष्टींत जे अंतर राहतं, स्टॉलवाल्याचं घर त्या अंतरात असतं.

आता जोडीकडे येऊ. त्या काळी खेळात पोकेमॉनचे आणि त्यांच्या वारांचे १७ टाइप, म्हणजे प्रकार, होते, आणि वार अंगाचा की दुरून सोडलेला, म्हणजे फिजिकल की स्पेशल, हे टाइपवरच ठरायचं. नॉर्मल, फायटिंग, फ्लाइंग, पॉइझन, ग्राउंड, रॉक, बग, घोस्ट आणि स्टील हे नऊ फिजिकल. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, सायकिक, आइस, ड्रॅगन आणि डार्क हे आठ स्पेशल. तुमचा बचावाचा आकडा पहिल्या नऊंसाठी, आणि स्पेशल बचावाचा आकडा दुसऱ्या आठांसाठी.

या तक्त्यावर स्कार्मरी ठेवला की गंमत दिसते. तो स्टील आणि फ्लाइंग असा दुहेरी टाइपचा. नऊ फिजिकल टाइपांपैकी ग्राउंड आणि पॉइझन त्याला लागतच नाहीत. नॉर्मल, फ्लाइंग, घोस्ट आणि स्टील अर्धे लागतात, बग तर चतुर्थांशच. उरले फायटिंग आणि रॉक. पोलादाला फायटिंग जड जातं, पण पक्ष्याला ते हलकं. रॉकचं नेमकं उलटं. त्यामुळे हिशोब बरोबर सुटतो आणि दोन्ही वार साध्या मापानं लागतात. नऊंपैकी एकही टाइप त्याला दुप्पट लागत नाही. दुप्पट लागतात ते दोनच, फायर आणि इलेक्ट्रिक. आणि हे दोन्ही पलीकडच्या, स्पेशलच्या रकान्यात!

त्या रकान्यात ब्लिसी बसलेली असते. स्पेशल बचाव १३५, त्यावर २५५चा एचपी. ती नॉर्मल टाइपची, म्हणून आठही स्पेशल टाइप तिला साधेच लागतात. तिला दुप्पट लागणारा टाइप एकच, फायटिंग. तो असतो फिजिकलच्या रकान्यात, जिथे स्कार्मरी उभा.

या जोडीचं मर्म मला इथे सापडतं. दोन धट्टेकट्टे शेजारी उभे केले म्हणून भिंत होत नाही. इथे एकाचं भगदाड नेमकं दुसऱ्याच्या दारात उघडतं. सुतार खुंटी आणि खाच बेतताना दोन्ही लाकडांना कापतो. दोन्ही फळ्या कमी होतात आणि सांधा मात्र पक्का बसतो. स्कार्मरीला आग सोसत असती, तर तो एकटाच पुरला असता आणि संघ म्हणण्यासारखं काही राहिलं नसतं.

यापुढचं बारीक काम खेळाडूच्या हातचं. प्रत्येक पोकेमॉनला सरावाचे गुण वाटून देता येतात, त्यांना ईव्ही म्हणतात. एका आकड्यावर फार तर २५२ घालता येतात, आणि शंभराव्या पातळीला त्यांचे ६३ गुण होतात. नवा खेळाडू ते ब्लिसीच्या स्पेशल बचावात ओततो, कारण तिथेच ती भारी. जाणता खेळाडू ते तिच्या केविलवाण्या बचावात घालतो. हिशोब साधा आहे. स्पेशल बचाव ३०६चा ३६९ होतो, म्हणजे पाचव्या हिश्श्यानं वाढतो. बचाव ५६चा ११९ होतो, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यात एचपीवरही २५२ घातले की तो ७१४वर जातो. मग बहुतेक फिजिकल वार एका फटक्यात तिला लोळवत नाहीत. स्कार्मरी येईपर्यंत ती तग धरते. भरल्या घरात आणखी भर घालण्यापेक्षा गळक्या कौलावर चार कौलं टाकावीत, हा शहाणपणा इथे आकड्यांत मांडलेला दिसतो.

मग हे दोघं जिंकतात कसे? ब्लिसीचा हल्ला १०. पण सिस्मिक टॉस ही चाल हल्ल्याचा आकडा विचारतच नाही. शंभराव्या पातळीला सरळ १०० एचपी वजा करते. टॉक्सिकचं विष पहिल्या पाळीला सोळावा हिस्सा घेतं, दुसऱ्या पाळीला दोन सोळांश, तिसऱ्या पाळीला तीन. मैदान न सोडणारा सहाव्या पाळीत संपतो. आणि स्कार्मरीच्या हातात आहेत स्पाइक्स, समोरच्याच्या अंगणात पसरायचे खिळे. एक थर असेल तर मैदानात पाय ठेवणाऱ्याचा आठवा हिस्सा जातो, दोन थरांना सहावा, तीन थरांना चौथा. तिसऱ्या पिढीत हे तीन थर आले, आणि ते पसरण्याची विद्या स्कार्मरीला मिळाली. तेव्हाच जोडीच्या बचावाला दात फुटले.

शोडाउन या ऑनलाइन मैदानावर जुन्या पिढ्यांचे डाव अजून मांडता येतात. तिथला एका रात्रीचा डाव माझ्या लक्षात राहिलाय. त्यात टायरानिटार होता. हा असा प्राणी आहे की तो नुसता मैदानात आला तरी वाळूचं वादळ सुटतं, आणि त्या पिढीत ते आपणहून थांबत नसे. रॉक, ग्राउंड आणि स्टील सोडून बाकी सर्वांचा दर पाळीला सोळावा हिस्सा वाळू खाते. उलट लेफ्टओव्हर्स, म्हणजे अक्षरशः शिळंपाकं, जवळ असेल तर तेवढाच सोळावा हिस्सा परत मिळतो. माझ्या ब्लिसीचे ४४ जायचे, ४४ यायचे. समोरच्याचंही तेच चाललं होतं. जमाखर्च शून्य, फक्त त्याचं शिळंपाकं वाया.

समोर हेराक्रॉस होता, बग आणि फायटिंग टाइपचा. ब्लिसीला पाहून त्यानं शिंग रोखलं. मी ब्लिसीला आत घेऊन स्कार्मरी काढला. बगचा वार, चतुर्थांश लागला. आता हेराक्रॉसला इथे काही काम उरलं नाही. समोरच्यानं बदली करून रायकू आणला, विजेचा वाघ. त्याच पाळीत मी खिळ्यांचा पहिला थर टाकला. रायकूनं वीज सोडली, मी ब्लिसी काढली. तिचा साधारण पाचवा हिस्सा गेला. तिला पाहून समोरच्यानं पुन्हा हेराक्रॉस बोलावला. तो खिळ्यांवर पाय देत आला, आणि तोवर ब्लिसीनं सॉफ्टबॉइल्ड करून गेलेलं सगळं भरून काढलं. पुन्हा शिंग, पुन्हा स्कार्मरी. पुन्हा रायकू, पुन्हा खिळे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, दोघं एकच पान पुन:पुन्हा वाचताहेत. पण प्रत्येक फेरीत समोरच्याच्या वहीत खर्च मांडला जात होता. रायकूचे ३२१ होते. पहिल्यांदा आला तेव्हा खिळे नव्हते. दुसऱ्यांदा ४० गेले, मग ५३, मग ८०, मग पुन्हा ८०. राहिले ६८.

उरलेल्या चार जागा कुणाच्या, यावरून प्रत्येकाची आवड कळते. टायरानिटार वाळूसाठी आलाच. एक भूत हवंच, गेंगार किंवा डस्क्लॉप्स, कारण समोरचा रॅपिड स्पिन करून खिळे झाडायला बघतो. ती चाल नॉर्मल टाइपची, भुताला लागत नाही. आणि लागली नाही तर खिळेही हलत नाहीत. दोन्ही हातांनी मारणारे, म्हणजे एकाच अंगात आग आणि ठोसा बाळगणारे ब्लेझिकनसारखे प्राणी, जोडीतल्या दोघांनाही त्रास देतात, त्यांच्यासाठी स्वॅम्पर्ट. तो पाणी आणि जमीन अशा दुहेरी टाइपचा, आणि त्याला ग्रास सोडून कशाचंच वावडं नाही. सहाव्या जागेवर मात्र जाणत्यांचं एकमत होत नाही, आणि त्यालाही कारण आहे.

इतक्या चोख सांध्याला सुरुंग लावणारे गुणही त्याच पिढीत आले. मॅग्नेटॉनचा मॅग्नेट पुल हा गुण पोलादाला जागचं हलू देत नाही. स्कार्मरी त्याच्यापुढे सापडला की बदलीचा रस्ताच बंद, आणि वीज तर त्याला दुप्पट. डगट्रिओ तसाच जमिनीवरच्याला धरून ठेवतो, म्हणजे ब्लिसीला. लक्षात घ्या, या दोघांपैकी कुणीही भिंत फोडत नाही. ते दोन भिंतींमधलं दार लावून घेतात. या जोडीचं बळ ये-जा करण्यात आहे हे शत्रूला नेमकं कळलं होतं. टीकाकारांना मात्र नाही. म्हणून कुणी सहाव्या जागी स्वतःचाच डगट्रिओ बसवतो. मॅग्नेटॉननं स्कार्मरी घेतला तर घेऊ दे, पण त्याला परत जाऊ द्यायचं नाही.

टीकाकारांचं म्हणणं ठाऊक आहे. हा खेळ नव्हे, कंटाळा आहे. समोरच्याला दमवून जिंकण्यात मर्दुमकी कसली? त्यांना मी बापू नाडकर्णींचा हिशोब सांगतो. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, विकेट एकही नाही. त्यात २१ षटकं सलग निर्धाव. आजही आपण तो आकडा सांगतो तो विकेटसाठी थोडाच! फरक एवढाच की स्टॉलवाल्याला नुसतं रोखून भागत नाही, शेवटी समोरचे सहाही पाडावे लागतात. आणि रोखून धरणं हे काही बसून राहणं नव्हे. हेराक्रॉस शिंग रोखेल की मी बदली करणार हे ओळखून आधीच रायकू काढेल, हा अंदाज दर पाळीला बांधावा लागतो. हल्ला करणाऱ्याची एखादी चूक खपते. स्टॉलमध्ये ब्लिसी एकदा चुकीच्या पाळीला बाहेर राहिली, तर तिच्याबरोबर अख्खा स्पेशलचा रकाना उघडा पडतो.

२००६च्या डायमंड आणि पर्लनं तो तक्ताच मोडला. फिजिकल की स्पेशल हे टाइपवर न ठेवता प्रत्येक चालीवर ठरवलं. आता आग अंगानंही मारता येऊ लागली आणि फायटिंग दुरूनही. स्टेल्थ रॉकमुळे उडणाऱ्या पक्ष्यालाही मैदानात येण्याची किंमत मोजावी लागली. पुढे बचावाला नवी माणसं मिळत गेली: इव्हिओलाइट बाळगून ब्लिसीच्याही पुढे गेलेली चॅन्सी, बदली होताना तिसरा हिस्सा भरून काढणारा टॉक्सपेक्स. नवव्या पिढीत बरं होण्याच्या मुख्य चालींचा साठा निम्मा झाला आणि टॉक्सिक बहुतेकांच्या हातून गेलं. हे सगळे बचाव कामाचे, काही तर जास्तच चिवट. पण १७ टाइपांचा तक्ता दोन जणांत असा वाटून घ्यावा आणि दोघांच्याही उणिवा शेजारच्याच्या रकान्यात जाऊन पडाव्यात, हे पुन्हा जुळलं नाही. स्कार्मरी आणि ब्लिसी पुढेही एकत्र खेळले, पण नियमानंच खाच कापून द्यावी आणि त्यात खुंटी अलगद बसावी, तो योग संपला.

त्या रात्रीच्या डावात शेवटी समोरच्याकडे दोघंच राहिले, हेराक्रॉस आणि रायकू. मैदानात हेराक्रॉस, समोर माझा स्कार्मरी. मी व्हर्लविंड केलं. ही चाल सगळ्यात शेवटी होते. आधी समोरच्याचा वार सोसायचा, मग पंखांच्या वाऱ्यानं त्याला मागे ढकलायचं, आणि त्याच्या जागी त्याचा दुसरा गडी ओढला जातो. दुसरा गडी एकच होता. ६८ जीव घेऊन रायकू मैदानात आला, तीन थर खिळ्यांनी ८० मागितले, आणि त्यानं डोळे मिटले.

पूर्ण डावात माझ्या बाजूनं रायकूवर एकही वार झाला नव्हता.