नरसाळ्यातली ढोबळी मिरची

पुण्यात दोन दिवसांच्या फूड स्टायलिंग कार्यशाळेला गेले होते. पहिल्या दिवशी आम्ही मुख्यतः लबाड्या शिकलो. मिसळीतली मटकी रश्श्यात बुडू नये म्हणून वाडग्यात आधी एक वाटी पालथी घालायची. तर्री अगदी शेवटी, चमच्यानं सोडायची. द्राक्षांवर ग्लिसरीन घातलेलं पाणी फवारायचं, म्हणजे थेंब ओघळत नाहीत. पोह्यांवर कोथिंबिरीचं एकेक पान चिमट्यानं बसवताना आपण स्वयंपाक करतोय की दागिने घडवतोय, हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी भिंतीवर एकच कृष्णधवल छायाचित्र लावलं आणि म्हणाल्या, ‘‘अर्धा तास हे बघा. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.’’

अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनचं ‘पेपर नंबर ३०’. १९३०च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी टिपलेलं. विषय एक ढोबळी मिरची, बाकी काही नाही.

पहिली पाच मिनिटं मिरची दिसतच नाही. पाठमोरं बसलेलं, मान खाली घातलेलं कुणीतरी दिसतं. मग वाटतं, एक नव्हे, दोघं आहेत, एकमेकांना घट्ट बिलगलेली. लोकांनी तिच्यात देह पाहिले, ते वेस्टनला फारसं रुचलं नव्हतं. पण दिसतात, त्याला काय करणार? गंमत म्हणजे आपल्या भाषेनं या भाजीचं बारसं आकारावरूनच केलंय: ढोबळी, ढब्बू. तीच ढोबळी इथे मात्र जराही ढोबळ नाही. प्रत्येक वळण पुढच्या वळणात मुरतं. उजेड सालीवरून घसरत खळगीत उतरतो आणि पलीकडच्या फुगवट्यावर पुन्हा वर येतो.

मी अडकले ती खळग्यांपाशी. उजेड एका अंगानं आला तर दुसरं अंग काळंठिक्कर पडायला हवं. आदल्या दिवशी माझ्या वांग्याचं तेच झालं होतं. अर्धं वांगं पार्श्वभूमीनं गिळलं होतं. इथे मात्र सावलीतल्या कडेलाही एक मंद, राखाडी ओप आहे. हा परतीचा उजेड कुठून आला?

ताई म्हणाल्या, ‘‘नरसाळ्यातून.’’

वेस्टननं आधी मलमल, पांढरा पुठ्ठा वगैरे पार्श्वभूमी वापरून पाहिली होती, पण जमत नव्हतं. मग त्यानं पत्र्याचं एक नरसाळं आडवं ठेवलं आणि त्याच्या तोंडाशी मिरची बसवली. आमचा थर्माकोलचा तुकडा सपाट असतो, तो एकाच बाजूनं उजेड परतवतो. नरसाळ्याची आतली भिंत गोल. तिनं मिरचीला मागून, खालून, दोन्ही कुशींना उजेड दिला. आणि नरसाळं आत जसं खोल जातं तसा अंधारही दाट होत गेला. पार्श्वभूमी आणि रिफ्लेक्टर, दोन्ही कामं एकाच पत्र्यात. आमच्या घरी रॉकेल ओतायचं नरसाळं होतं. त्याच्यात कुणी काही ठेवून पाहिलं असेल तर ते उंदरांनी.

वेस्टननं त्या ऑगस्टमधल्या चार दिवसांत मिरच्यांच्या किमान तीस निगेटिव्ह केल्या. कॅमेरा आठ बाय दहा इंचांचा, छिद्र अगदी बारीक केलेलं, शटर बराच वेळ उघडं. छापही निगेटिव्हच्याच मापाचा. मोठा करताना काही झाकायची सोय नाही. म्हणून मला त्या ‘३०’ या आकड्याचं फार कौतुक वाटतं. आम्ही आदल्या दिवशी एका मिसळीचे दोनशे फोटो काढले, आणि त्यातल्या एकालाही नंबर देण्याची गरज वाटली नाही.

सगळ्याच लबाड्या त्याज्य आहेत असं मी म्हणणार नाही. पालथ्या वाटीवर मी आजही बेहद्द खूश आहे. पण या मिरचीवर एकही थेंब नाही, शेजारी कोथिंबीर नाही, खाली खादीचा रुमाल नाही. वेस्टननं मिरचीला काही लावलं नाही, तिच्यासाठी जागा शोधली.

फोटो झाल्यावर तो आपल्या मिरच्या खाऊन टाकायचा. आमची ग्लिसरीन प्यायलेली द्राक्षं कचऱ्यात गेली. घरी आल्यावर मी माळ्यावरून नरसाळं काढलं, चिंचेनं घासलं आणि मंडईतली सर्वांत वेडीवाकडी मिरची त्याच्या तोंडाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी ती सुरकुतायला लागली. एकोणीस फोटो झाले होते. मग चिरली, पीठ पेरून भाजी केली.