‘सैनिकांच्या बायकांना फुकट कॉस्मेटिक सर्जरी’: एक युक्तिवाद उसवून पाहू

पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा समज असतो की समीक्षा म्हणजे पेपरमधल्या चुका काढणं. खरं तर आधी शोधायचं असतं ते हे, की लेखक कुठल्या वाक्यावरून कुठल्या वाक्यावर उडी मारतोय. आज त्यासाठी पेपर नाही, एक जुना युक्तिवाद घेऊ.

जुलै २००४ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये एक छोटं टिपण आलं. अमेरिकी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय लष्करी रुग्णालयांत फुकट कॉस्मेटिक सर्जरी करून घेऊ शकतात, असं त्यात होतं. इम्प्लांट मात्र रुग्णाने स्वतः आणायचं. २००० ते २००३ या काळात ४९६ स्तनवर्धनं आणि १३६१ लायपोसक्शन झाली, असा आकडा दिला होता. जगभरच्या पेपरांनी ते उचललं आणि बहुतेकांनी मथळ्यात स्तन घेतले. आकडे पुन्हा बघा. लायपोसक्शन जवळजवळ पावणेतीन पट आहेत. मथळा आकड्यांवरून ठरला नाही, हे एवढ्यावरूनच कळतं.

आणि ‘२००० ते २००३’ म्हणजे तीन वर्षं की चार? एकूण किती सर्जन, त्यांच्या एकूण शस्त्रक्रिया किती, पैकी सैनिकांच्या किती आणि कुटुंबीयांच्या किती? छेद नसलेला अंश नुसता धक्का देतो, त्यावरून निष्कर्ष काही काढता येत नाही.

आता लष्करी डॉक्टरांची बाजू. त्यांचं म्हणणं असं: युद्धात चेहरे फाटतात, अंग भाजतं, तेव्हा प्लास्टिक सर्जन लागतात. शांततेच्या काळात तशा केसेस नसतात. हात चालता ठेवायचा तर सराव हवा, आणि कॉस्मेटिक सर्जरी म्हणजे तो सराव. ऐकायला एकदम पटतं, नाही का? म्हणूनच उसवून पाहायला हवं.

सराव सुटला की हात जड होतो, हे मान्य करू. तबलजीपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना लागू आहे. पण स्तनात इम्प्लांट बसवण्याचा सराव भाजलेली मान मोकळी करायला उपयोगी पडतो, हे वेगळं विधान आहे. त्याला वेगळा पुरावा लागतो. काही कौशल्यं नक्की सामायिक असतील, जसं पेशी हळुवार हाताळणं, टाके, रक्तपुरवठ्याचा अंदाज. पण त्वचेचा तुकडा दुसरीकडे नेऊन जगवणं हे लायपोसक्शनमध्ये कुठे येतं? युक्तिवादात ‘प्लास्टिक सर्जरी’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरलाय आणि तो शब्दच पुलाचं काम करतोय. पूल तपासल्याशिवाय त्यावरून जाऊ नका.

पुढची उडी आणखी मोठी आहे: सरावाला दुसरा मार्गच नाही. त्या टिपणात बोलणारे एक सर्जन टेक्सासमधल्या ब्रुक आर्मी मेडिकल सेंटरचे होते. तिथे लष्कराचं बर्न सेंटर आहे आणि ते रुग्णालय अपघातातले नागरी जखमीही घेतं. म्हणजे पर्याय त्याच आवारात उभा होता. आपल्याकडे तर विचारूच नका. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाया आणि यंत्रात हात गेलेले कामगार यांची सरकारी रुग्णालयांत वानवा नाही. लष्करी सर्जनला सरावच हवा असेल तर तिथे पाठवता येईल.

शिवाय यात एक गोष्ट मला बोचते. सरावासाठी ज्यांचं शरीर लागतं त्या बहुधा शिपाई-हवालदारांच्या दर्जाच्या कुटुंबातल्या असू शकतात, आणि सर्जन अधिकारी असतो. ‘फुकट लाभ’ म्हटलं की जोखीम कुणाची हे दिसेनासं होतं. भूल, जंतुसंसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया हे सगळं त्या बाईच्या वाट्याला, आणि टीका मात्र ‘करदात्यांच्या पैशावर नटते’ अशी तिच्यावरच. संशोधनाच्या नीतिमत्तेत संमती हा धडा आपण पाठ करतो, तो इथे लावून बघा.

ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने धोरण बदललं. रुग्णाने शस्त्रक्रियेचं, भुलीचं आणि सुविधेचं शुल्क भरायचं, आणि सर्जनच्या कामात कॉस्मेटिक केसेस २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. तेव्हा २००४ चं टिपण आज चालू परिस्थिती म्हणून वापरणं सरळ चूक आहे. पण गंमत बघा, सरावाचा युक्तिवाद धोरणात टिकला, फक्त बिल रुग्णाकडे गेलं.

आता पुण्यात येऊ. कारण या विषयाचा एक जुना दाखला आपल्याच दाराशी आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रज सैन्यातला बैल हाकणारा ‘कावसजी’ नावाचा मराठा टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचं नाक आणि एक हात कापला. तो पुढे कंपनीचा पेन्शनर झाला. बारा महिन्यांहून जास्त काळ बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं. मेणाचा नमुना, काथाच्या पट्ट्या, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडीचा जोड तोडणं, असं सगळं पत्रात आहे. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली.

(पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं पत्रात आहेत, करणाऱ्याचं नाव नाही. आणि ‘कावसजी’ हे पारशी नाव शेतकरी मराठ्याला कसं? साधन-चिकित्सेवर असाइनमेंट हवी असेल तर हे पत्र घ्या.)

मला यातून हवाय तो एक मुद्दा. कावसजी वर्षभर नाकाशिवाय जगला होता. ‘कार्य पूर्ववत करणं म्हणजे उपचार आणि दिसणं सुधारणं म्हणजे चैन’ ही फूटपट्टी लावली तर त्याचं नवं नाक बऱ्याच अंशी चैन ठरेल. पण ज्या भाषेत नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं, तिथे हे कुणाला पटेल? म्हणजे आपण मनात दुसरीच फूटपट्टी वापरत असतो: इजा झाली होती की नाही.

आपला करकायदाही तेच करतो. १ जुलै २०१७ पासून आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीला नाही. अपवाद जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना ‘किंवा’ कार्य पूर्ववत करण्याचा. त्या ‘किंवा’मुळे कावसजी सुटतो. पण यादीत ‘आजार’ हा शब्द नाही. कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला तर ते ‘इजे’त बसवायचं का? बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकले आणि कंबर कायमची दुखते, तर ती विकृती की नुसतं सुटलेलं पोट? व्याख्येची किंमत इथे खऱ्या पैशात मोजली जाते.

बिबवेवाडीहून वानवडीचं कमांड हॉस्पिटल आणि एएफएमसी काही किलोमीटरवर आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे कुणीतरी विचारणारच. विचारा, पण ‘करदात्यांच्या पैशाने’ हे शब्द जपून वापरा. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली ईसीएचएस ही नावाप्रमाणे अंशदायी योजना आहे. हवालदारापर्यंतच्यांना एकदाच ३० हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये भरावे लागतात. बाकीचा भार सरकारवर आहेच, पण तो ‘फुकट’ या शब्दात मावत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. त्यात ‘कुटुंबीयांच्या सौंदर्य शस्त्रक्रिया किती?’ असं लिहिलंत तर ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ एवढं उत्तर येऊ शकतं. त्यापेक्षा शस्त्रक्रियांची वैद्यकीय नावं द्या, वर्षं ठरवा, सैनिक आणि आश्रित वेगळे मागा, आणि त्याच वर्षांतल्या प्लास्टिक सर्जरी विभागाच्या एकूण शस्त्रक्रियाही मागा. २००४ च्या टिपणात नसलेला छेद निदान आपल्या अर्जात तरी असू दे.