भ्रष्ट पाठ आणि यांत्रिक शुद्धी

डेटाबेसच्या मोठमोठ्या रकान्यांत साठविलेला मराठी मजकूर बिघडल्याचे आढळले म्हणजे तो ‘स्वच्छ’ करण्याचे काम बहुधा तंत्रज्ञाकडे सोपविले जाते, आणि ते केर काढावा तशा वृत्तीने पार पाडले जाते. अनोळखी चिन्ह दिसले की ते पुसावयाचे, एवढाच त्यातील नियम. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही वृत्ती सदोष आहे. भ्रष्टता कोणत्या वाटेने शिरली ह्याचा निर्णय झाल्यावाचून केलेली दुरुस्ती ही दुसरी भ्रष्टताच होय.

पोथीतील भ्रष्टता आणि यंत्रातील भ्रष्टता ह्यांत एक मूलभूत भेद आहे. नकलकार डोळ्याने चुकतो, कानाने चुकतो, कधी अतिशहाणपणानेही चुकतो. यंत्र मात्र नियमाने चुकते. यूटीएफ-८ संकेतनात ‘म’ हा वर्ण २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांनी लिहिला जातो. हे बाइट विंडोज-१२५२ ह्या पाश्चात्त्य संकेतनातील आहेत अशा समजुतीने वाचले की एका ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात, आणि ती पुन्हा यूटीएफ-८मध्ये साठविली म्हणजे तिनांचे सहा बाइट होतात. हीच क्रिया उलट क्रमाने केली की मूळ पाठ जसाच्या तसा हाती येतो. येथे कल्पकतेला वाव नाही आणि तिची गरजही नाही. ती परकी चिन्हे कचरा म्हणून पुसणारा मात्र उत्तम साक्षीदारच नाहीसा करतो.

सर्वच पाठ असे सुदैवी नसतात. विंडोज-१२५२मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ही पाच स्थाने रिकामी आहेत. मराठीच्या दृष्टीने हे विशेष अनिष्ट होय. कारण ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९, हलन्तचिन्हाचा १४१, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७ आहे. मायएसक्यूएलचे ‘लॅटिन-१’ संकेतन हे पाच बाइट नियंत्रणचिन्हे मानून पुढे जाऊ देते, त्यामुळे तेथे पाठ वाचतो. अन्य काही प्रणाली त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह घालतात. मग हलन्त आणि उकार ह्या दोहोंचे अवशेष अगदी सारखे उरतात, आणि ‘पुराण’ व ‘प्राण’ हे शब्द एकरूप होतात. ह्या ठिकाणी गणित संपते व पाठनिश्चिती सुरू होते. संदर्भ, जुनी प्रत, छापील मूळ ह्यांच्या आधारावाचून येथे निर्णय देता येत नाही. शब्दसूचीतील अधिक रूढ शब्द निवडणे हा निर्णय नव्हे, तो केवळ कौल होय.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. न दिसणारी चिन्हे निरर्थक, अशी समजूत रूढ आहे. युनिकोडात ‘र्‍या’ हे रूप लिहिताना ‘र’, हलन्त आणि ‘य’ ह्यांच्यामध्ये अदृश्य संयोजक घालण्याची एक पद्धती आहे. सरसकट सफाईत तो गेला की ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचार्‍याला’ दिलेले वेतन ‘आचार्याला’ पोचते! दुसऱ्या पद्धतीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण वापरतात. परंतु विघटित रूपात त्याचे ‘र’ आणि नुक्ता असे दोन भाग पडतात. मराठीत नुक्ता नाही, तो हिंदीचा संसर्ग, असे मानून नुक्ते गाळणारा संपादक त्याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने पडतो.

रकान्याच्या लांबीचा प्रश्न थोडक्यात सांगता येईल. मायएसक्यूएलच्या ‘टेक्स्ट’ रकान्याची मर्यादा ६५,५३५ बाइटांची आहे. त्यात देवनागरीची २१,८४५ चिन्हे मावतात. दुहेरी संकेतन झाल्यास सुमारे निम्मीच. शिथिल नियमांखाली उरलेला भाग केवळ एक सूचना देऊन कापला जातो. २०१४ साली युनिकोडात आलेल्या मोडी लिपीला प्रतिवर्ण चार बाइट लागतात. तीन बाइटांच्या जुन्या ‘यूटीएफ-८’ रकान्यात, त्याच शिथिल नियमांखाली, पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सारा मजकूर नष्ट होतो. अशा तुटलेल्या पाठाची शुद्धी संभवत नाही. तो खंडित आहे अशी नोंद तेवढी करता येते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तीत त्याज्य ठरलेले पाठ टाकून दिलेले नाहीत, ते तळाशी दिले आहेत; आणि जो पाठ स्वीकारला पण निश्चित नाही त्याखाली नागमोडी रेघ आहे. डेटाबेसच्या शुद्धीकरणात ह्या रेघेला पर्याय नाही, असे नाही. मूळ बाइट जसेच्या तसे राखणारा एक रकाना, दुरुस्त पाठाचा दुसरा, आणि दुरुस्ती उलट क्रियेने झाली की अनुमानाने हे सांगणारा तिसरा, एवढ्याने काम भागते. ह्याने जागा दुप्पट लागते हा आक्षेप खरा आहे. महाभारताच्या त्या आवृत्तीचीही पुष्कळशी पाने तळटीपांनीच व्यापलेली आहेत.