विष्णुपुरीतील प्रतिमा-संशोधन : एका नेत्रप्रतिमासंचाच्या निमित्ताने

प्रतिमा-प्रक्रिया व संगणकीय दृष्टी या क्षेत्रांतील आपल्याकडील संशोधनाचा एक ठरीव साचा आहे. परदेशात तयार झालेला प्रतिमासंच घ्यावयाचा, प्रचलित पद्धतीत थोडा फेरफार करावयाचा आणि अचूकता किंचित वाढल्याचे दाखवावयाचे. पृष्ठभागांच्या पोताच्या अभ्यासात फिलिप ब्रॉडात्झ यांचा १९६६ चा छायाचित्रसंग्रह असाच अनेक दशके वापरला गेला. (तो मुळात कलावंतांसाठी काढलेला होता, हे किती प्रबंधांत नमूद असते?) नांदेडजवळ विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील मनेश कोकरे यांनी आयआयटी खरगपूरच्या अध्यापकांसमवेत २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले पोतविषयक संशोधन याच परंपरेतील होय. त्याचे गणित कसदार आहे. मात्र त्यातील प्रश्न मराठवाड्यातून उद्भवलेला नव्हता.

२०१८ मध्ये याच संस्थेतील प्रसन्न पोरवाल, कोकरे व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला ‘इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट’ म्हणूनच वेगळा ठरतो. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा आरंभी दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडत नाही. रुग्ण येतो तेव्हा उशीर झालेला असतो. नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात घेतलेल्या ५१६ प्रतिमा या संचात आहेत. विकाराची तीव्रता प्रत्येक प्रतिमेस नोंदवलेली असून ८१ प्रतिमांमध्ये रक्तवाहिन्यांवरील सूक्ष्म फुगे, रक्तस्राव, पिवळे ठिपके व कापसासारखे डाग पिक्सेलगणिक रेखाटलेले आहेत. एका प्रतिमेत सुमारे १ कोटी २२ लाख पिक्सेल असतात, हे ध्यानात घेतल्यास या कामाचे कष्ट उमगतात. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील परिषदेत या संचावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. नांदेडच्या रुग्णांच्या डोळ्यांवर जगभरच्या संशोधकांनी आपल्या पद्धती पारखल्या, ही घटना लहान नव्हे.

तथापि संचाच्या नावातील ‘इंडियन’ हे विशेषण तपासून घ्यावे लागते. चिकित्सालय एक, कॅमेरा एक. प्रशिक्षणाच्या ४१३ आणि चाचणीच्या १०३ प्रतिमा याच एका स्रोतातील आहेत. शिवाय हजारो तपासण्यांतून पुरेशा दर्जाच्याच प्रतिमा निवडलेल्या आहेत. किनवट किंवा मुखेडच्या शिबिरात मोतीबिंदू असलेल्या, बाहुली पुरेशी न विस्फारलेल्या वृद्धाची प्रतिमा इतकी स्वच्छ येईलच असे नाही. या संचावर मिळालेली अचूकता तेथे टिकेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. २०२१ मध्ये याच गटाने तीन कॅमेऱ्यांवरील ३,२०० प्रतिमांचा, ४६ नेत्रस्थितींची नोंद असलेला दुसरा संच प्रसिद्ध केला. त्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली.

आपल्या संशोधन समित्या मात्र अजूनही ‘यात नवी पद्धत कोणती?’ एवढेच विचारतात. प्रतिमा गोळा करणे, वैद्यांकडून त्या तपासून घेणे व सर्वांसाठी खुल्या करणे यास त्या पूर्वतयारी समजतात. प्रस्तुत लेखकाच्या मते विष्णुपुरीचे मुख्य योगदान नेमके तेच आहे. निवडीत बाजूला पडलेल्या अस्पष्ट प्रतिमांचाही एक संच याच परिसरातून निघावा. शिबिरातील यंत्राची खरी परीक्षा त्यांवरच होईल.