कंपनीचा पैसा, विद्यापीठाची सही आणि मधे आपण : बर्कली–नोव्हार्टिस करार वाचताना



गेल्या काही महिन्यांत पीएचडीला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या तीन-चार जणांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. "गाइडकडे कंपनीचा प्रोजेक्ट आहे. फेलोशिप वेळेवर मिळेल, केमिकल्सची चणचण नाही, पुढे नोकरीचीही शक्यता आहे. घेऊ का?"

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं मला जमत नाही. त्याऐवजी आज एका कराराची चिकित्सा करू या. आपण रिसर्च पेपर जसा वाचतो, म्हणजे मेथड काय, दावा काय, दाव्याला पुरावा आहे का, तसाच करारही वाचता येतो. आणि ज्याला संशोधनात यायचंय त्याला तो वाचता यायला हवा.

करार आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये तिथल्या कॉलेज ऑफ नॅचरल रिसोर्सेसमधल्या वनस्पती व सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या कृषी संशोधन संस्थेशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम अडीच कोटी डॉलर. विद्यापीठ-उद्योग भागीदारीवर ज्या करारांबद्दल सर्वात जास्त लिहिलं गेलं, त्यांत हा नक्की येतो.

आधी करारात चांगलं काय होतं ते बघू. चिकित्सा म्हणजे फक्त झोडपणं नव्हे.

पहिली गोष्ट, कंपनी विद्यापीठाच्या दारात आली नाही, विद्यापीठ बाजारात गेलं. त्या वेळचे डीन गॉर्डन रॉसर हे अर्थशास्त्रज्ञ. एका कंपनीपुढे हात पसरण्याऐवजी त्यांनी अनेक कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले आणि त्यातून सर्वात फायद्याचा निवडला. दुसरं, कोणता विषय घ्यायचा हे कंपनीने सांगितलं नव्हतं. प्राध्यापकांनी प्रस्ताव द्यायचे आणि त्यातून निधी वाटला जायचा. तिसरं, कंपनीकडच्या जीनोमिक माहितीचा साठा संशोधकांना खुला होणार होता. १९९८ साली वनस्पतींच्या जनुकांवर काम करणाऱ्याला ही केवढी मोठी गोष्ट होती ते आज पटकन कळणार नाही, कारण आज आपण बराचसा डेटा घरबसल्या फुकट उतरवून घेतो. शिवाय रकमेचा सुमारे एक तृतीयांश भाग विद्यापीठाला ओव्हरहेड म्हणून मिळणार होता.

म्हणजे करार करणारे मूर्ख नव्हते. सरकारी निधी आटत होता, प्रयोगशाळा जुन्या झाल्या होत्या. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आता बदल्यात काय दिलं? विभागाच्या शोधांपैकी जवळपास एक तृतीयांशांवर परवान्याची बोलणी सर्वात आधी करण्याचा हक्क कंपनीला मिळाला. निधी वाटणाऱ्या पाच जणांच्या समितीत दोन जागा कंपनीच्या. पेटंटसाठी प्रकाशन सुमारे चार महिन्यांपर्यंत थांबवता येण्याची सोय. आणि कंपनीचा डेटा हवा असेल तर गोपनीयतेच्या कागदावर सही.

यातल्या प्रकाशन थांबवण्याच्या कलमावर सर्वात जास्त ओरड होते. माझ्या मते तेच सर्वात कमी धोक्याचं आहे. बहुतेक देशांत पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर त्यातली 'नवीनता' संपते. त्यामुळे अर्ज तयार करायला दोन-चार महिने मागणं रास्त आहे. मुदत लिहिलेली आहे, ती संपली की तुम्ही मोकळे.

खरी गडबड दुसरीकडे आहे. तो 'एक तृतीयांश' कशाचा? फक्त कंपनीच्या पैशातून लागलेल्या शोधांचा नाही. विभागाच्या एकूण संशोधन खर्चात कंपनीचा जितका वाटा, तितक्या प्रमाणात सगळ्या शोधांमधला. म्हणजे संघराज्य सरकारच्या, करदात्यांच्या पैशातून लागलेला शोधसुद्धा त्या टोपलीत. कंपनीने एका भागाचे पैसे भरले आणि पूर्ण विभागाच्या पिकातून आधी निवडण्याचा मान मिळवला. शेताच्या एका कोपऱ्याला पाणी दिलं म्हणून सगळ्या शेतातली कणसं आधी निवडून घ्यायची, असा हा प्रकार.

दुसरी अडचण अशी की करार एका प्राध्यापकाचा नव्हता, अख्ख्या विभागाचा होता. एका प्राध्यापकाने कंपनीचा पैसा घेतला तर शेजारच्या खोलीतला त्यावर टीका करू शकतो. विभागातल्या बहुतेकांनी सह्या केल्या की शेजारची खोलीच उरत नाही. कॉलेजच्या प्राध्यापकांचं सर्वेक्षण झालं तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी शैक्षणिक स्वातंत्र्यावर वाईट परिणाम होईल असं म्हटलं होतं.

तिसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. ज्याच्याशी करार केला तो भागीदार टिकला का? २००० मध्ये नोव्हार्टिसने आपला शेती विभाग वेगळा काढला. तो ॲस्ट्राझेनेकाच्या शेती विभागात मिळून सिंजेंटा ही नवी कंपनी झाली. करार सिंजेंटाकडे गेला, ती संशोधन संस्था मधेच बंद झाली आणि २००३ मध्ये मुदत संपल्यावर कराराचं नूतनीकरण झालं नाही. विद्यापीठ शंभर वर्षांचा विचार करतं, पीएचडी पाच वर्षांची असते, कंपनीची दिशा मात्र एका विलीनीकरणाने बदलते. हे तीन काळ एका कागदावर आणले की सर्वात अशक्त कोण? अर्थात पाच वर्षंवाला.

आता माणसांकडे येऊ. कॉलेजमधल्या दुसऱ्या विभागात इग्नासिओ चापेला नावाचे सूक्ष्मजीव-परिसंस्थेचे अभ्यासक होते. करारावर उघड टीका करणाऱ्यांत ते पुढे होते. नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांनी आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी डेव्हिड क्विस्ट याने 'नेचर'मध्ये पेपर छापला : मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या पारंपरिक मक्यात जनुकीय बदल केलेल्या मक्याचा डीएनए सापडला. पेपरच्या पद्धतीवर कडक आक्षेप आले, आणि आक्षेप घेणाऱ्यांत करार झालेल्या विभागातले संशोधकही होते. एप्रिल २००२ मध्ये 'नेचर'ने जाहीर केलं की मूळ पेपर छापण्याइतका पुरावा पुरेसा नव्हता.

इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते आक्षेप हवेतले नव्हते. डीएनए जीनोममध्ये नेमका कुठे बसलाय हे शोधायला वापरलेल्या पद्धतीत चुकीचे निकाल येऊ शकतात, हा शास्त्रीय मुद्दा खरा होता. नंतरच्या अभ्यासांनी दोन्ही बाजूंची उत्तरं दिली. काहींना तो डीएनए सापडला, काहींना नाही. पण त्या वादात शास्त्रीय आक्षेप कुठे संपतो आणि कराराचा राग कुठे सुरू होतो, हे कुणालाच सांगता येईना. कराराने केलेलं खरं नुकसान मला हेच वाटतं. टीका बरोबर असली तरी तिच्यावर विश्वास बसेना.

पुढे चापेलांना कायम नेमणूक देण्याच्या बाजूने त्यांच्या विभागाने ३२ विरुद्ध १ असं मत दिलं, तरी २००३ मध्ये विद्यापीठाने ती नाकारली. बराच गदारोळ होऊन २००५ मध्ये अखेर मिळाली. त्यांच्याबद्दल पुष्कळ छापून आलं. क्विस्टबद्दल, म्हणजे ज्याचा तो पीएचडीच्या काळातला पेपर होता त्याच्याबद्दल, फारच थोडं. तुम्ही-आम्ही त्या जागी आहोत, हे लक्षात ठेवा.

कराराचं मूल्यमापनही झालं. विद्यापीठाच्या अंतर्गत आढाव्यात विशेष अनिष्ट असं काही आढळलं नाही. मग बर्कलीच्याच प्राध्यापकांच्या सिनेटने मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लॉरेन्स बुश यांच्या गटाकडून बाहेरचा अभ्यास करवून घेतला. २००४ च्या त्या अहवालाचं सार असं : भीती होती तितकं वाईट झालं नाही, आशा होती तितकं चांगलंही झालं नाही. कंपनीच्या हाती फारसं घबाड लागलं नाही. मात्र चापेलांच्या नेमणुकीच्या प्रकरणावर कराराची सावली पडली होती, आणि अख्खा विभाग गुंतेल असे करार पुढे टाळावेत, असंही त्यात म्हटलं आहे.

अहवाल चांगला आहे, नेटाने केलेला आहे. पण अशा सगळ्याच मूल्यमापनांबद्दल माझी एक तक्रार आहे. पेटंट किती, पेपर किती, पैसे किती, हे मोजता येतं. जे प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारलेच नाहीत, जो विषय "नको, उगाच वाद होईल" म्हणून सोडून दिला, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते? त्यामुळे 'नुकसान आढळलं नाही' या वाक्यावर फार विसंबू नका. आपण लॅबमध्ये शिकतोच की, सिग्नल दिसला नाही याचा एक अर्थ उपकरणाची संवेदनशीलता कमी आहे असाही असतो.

मुदत नसलेलं कलम काय करतं, हे बघायला त्याच विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसवर जा. बेटी डाँग या औषधशास्त्रज्ञांनी थायरॉइडच्या सिंथ्रॉइड या ब्रँडेड गोळीची तुलना स्वस्त गोळ्यांशी केली. पैसे ब्रँडवाल्या कंपनीचे. १९९० च्या सुमारास निष्कर्ष आला की गोळ्या सारख्याच आहेत. करारात मात्र कंपनीच्या लेखी संमतीशिवाय छापता येणार नाही असं कलम होतं. १९९५ मध्ये 'जामा'त छापायला निघालेला पेपर त्यांना मागे घ्यावा लागला, कारण खटला झाला तर विद्यापीठ पाठीशी उभं राहणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. पेपर छापून आला १९९७ मध्ये. चार महिने आणि सात वर्षं, यांत फरक एका ओळीचा असतो.

ही ओळ मला का टोचते तेही सांगतो. दुसऱ्या वर्षी माझं पोस्टर एका परिषदेला निवडलं गेलं होतं, छापूनही झालं होतं. चार दिवस आधी प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या कंपनीची मेल आली : तूर्त सादर करू नये. मी करारातलं एक पान सही केलं होतं, बाकीची पाहिलीही नव्हती. सरांनीही शेवटची चाळलीच होती. संमती द्यायला कंपनीवर मुदतीचं बंधनच नव्हतं. अकरा महिन्यांनी परवानगी आली, एका ओळीची. त्यात एकही बदल सुचवलेला नव्हता. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच, फक्त कुणाला तरी वाचायला वेळ झाला नव्हता. ते गुंडाळलेलं पोस्टर अजून माझ्या कपाटावर आहे.

आता आपल्याकडे. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली. त्याच धर्तीचं विधेयक भारतात २००८ मध्ये राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे आपल्याकडे बरंचसं त्या-त्या संस्थेच्या धोरणावर आणि करारावर अवलंबून असतं. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या २०२३ च्या कायद्यावेळी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज सांगितला गेला, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून येणं अपेक्षित आहे. अर्धे पैसे कंपनीने भरायच्या डॉक्टरेट फेलोशिपही सुरू झालेल्या आहेत. थोडक्यात, हा प्रश्न तुमच्यापर्यंत येणारच.

आणि भागीदारी चांगलीही होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे नव्वदच्या दशकात जनरल इलेक्ट्रिक आली, कारण पॉलिकार्बोनेटमधलं स्वतःचं काम आणि पेटंट एनसीएलकडे आधीच होतं. हातात काहीतरी असताना केलेली बोलणी वेगळी असतात. बर्कलीकडेही नाव आणि ज्ञान होतं, तरी त्यांनी जास्त दिलं. रिकाम्या हाताने बसणारा किती देईल?

म्हणून 'घेऊ का?' याचं माझं उत्तर : घ्या, पण सही करण्याआधी पूर्ण करार मागा आणि पाच गोष्टी बघा.

१. प्रकाशन थांबवण्याला दिवसांची मर्यादा आहे का? 'संमतीशिवाय नाही' असं असेल तर गाइडना तिथेच सांगा. 'इतक्या दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजावी' ही ओळ घालून घ्या.

२. प्रबंधाला वेगळी सूट आहे का? आपला प्रबंध शोधगंगेवर जातो. गोपनीयतेचं कलम त्याच्या आड येतंय का ते आधी बघा.

३. हक्क कशावर? फक्त या प्रोजेक्टच्या निकालांवर, की फेलोशिपवर असताना सुचलेल्या प्रत्येक गोष्टीवर?

४. कंपनी विकली गेली, प्रोजेक्ट बंद पडला तर तुमच्या फेलोशिपचं काय? डेटा कुणाकडे राहणार?

५. निकाल कंपनीच्या विरोधात गेला तर तो छापायचा निर्णय कुणाचा?

हे विचारलं तर सर रागावतील का? काही रागावतील. पण पहिल्या महिन्यात कराराची प्रत मागितल्यावर जे गाइड रागावतात, ते चौथ्या वर्षी पेपर अडकल्यावर तुमच्या बाजूने कंपनीला मेल लिहितील, याची मला खात्री वाटत नाही. प्रवेश घेण्याआधीच ते कळलं तर बरंच आहे.

तुमच्याकडे असा करार असेल आणि एखादं कलम कळत नसेल, तर कंपनीचं नाव झाकून ती ओळ मला पाठवा. मी वकील नाही, पण एकदा चटका बसलेला माणूस नीट वाचतो.