इतिहास : दाखला की उलटतपासणी?

इतिहासाकडे आपण कशासाठी जातो, हा प्रश्न चळवळीतल्या माणसाने एकदा स्वतःला स्पष्टपणे विचारला पाहिजे. आपल्या सभांतून, स्मरणिकांतून, विद्यार्थ्यांच्या निबंधांतून इतिहास पुष्कळ येतो. पण बहुतेक वेळा तो दाखल्यासारखा येतो. आमचे पूर्वज शूर होते, आम्ही या भूमीचे मूळ धनी होतो, असे सांगून आपण थांबतो. ज्या समाजाला शतकानुशतके हीन ठरवले गेले त्याला असा दाखला हवासा वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि दाखला सादर करताना तो तपासणाऱ्याचा अधिकारही आपण मान्य करून बसतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

दाखल्याची ही गरज कुठून आली ते पाहिले पाहिजे. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली. तेव्हा स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी लष्करासाठी अर्ज तयार केला आणि आपली जात मूळची क्षत्रिय असल्याचे त्यात मांडले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून पोलीस, लष्कर व सरकारी नोकरीचे दरवाजे उघडण्याची मागणी केली. हे अर्ज लिहायला धाडस लागत होते. त्यांची टिंगल करण्याचा अधिकार आज कोणालाही नाही. पण अर्जाची रचनाच अशी असते की, माणूस म्हणून हक्क मागण्याआधी पूर्वजांची सेवा मोजून दाखवावी लागते. मग ज्याचे पूर्वज लढले नाहीत, ज्याने केवळ शेण काढले, ढोरे ओढली, त्याने माणुसकी कोणत्या आधारावर मागायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर १९२७ हे एकच वर्ष नीट वाचावे. १ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे त्या दगडावर आहेत. या स्मृतीचे मोल त्यांनी जाणले. पण ते तेथे थांबले नाहीत. त्याच वर्षी ‘बहिष्कृत भारता’त त्यांनी महार वतनावर लेख लिहिले. बेदरच्या बादशहाने अमृतनाक महाराच्या इमानावर खूश होऊन बावन्न हक्क दिले, ही दंतकथा आपल्या वाड्यावस्त्यांतून मोठ्या अभिमानाने सांगितली जात असे. त्या हक्कांत काय होते? मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे वस्त्र, दारोदारची भाकर. ज्याला आपण हक्क म्हणून मिरवत होतो ती वेठ होती, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्याचे काम हा अभिमानच करीत होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले. वतने प्रत्यक्ष नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. आपलाच म्हणून जपलेला इतिहासही आपल्याला बांधून ठेवू शकतो, हा धडा यातून घेतला पाहिजे.

दुसरा धडा महाडचा आहे. २० मार्च १९२७ चा दिवस सर्वांना पाठ आहे. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, नंतर सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. परंतु या दोन तारखांमध्ये आणि त्यानंतर दहा वर्षे जे घडले ते आपल्या भाषणांत क्वचितच येते. बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते, आणि १९२७ मध्ये आपला ठराव स्वतःच मागे घेतला. डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, तळे स्पृश्यांचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये अशी पूर्वापार, अनादि वहिवाट आहे.

या ‘पूर्वापार’ शब्दाकडे नीट पाहा. गावात मंदिराच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, लग्नाच्या पंगतीत आपल्याला अडवताना हाच शब्द उच्चारला गेला. त्याला सनावळी नसते, कर्ता नसतो, साक्षीदार नसतो. म्हणूनच तो अजिंक्य वाटतो. न्यायालयात मात्र त्याला पुरावा द्यावा लागला. तळे कोणाच्या ताब्यात आहे? मनाई केव्हापासून आहे? ती प्रथम कोणी केली? नगरपालिकेचे कागद काय सांगतात? खालच्या न्यायालयांत दावा टिकला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. तळे नगरपालिकेकडे निहित आहे, आणि वादींना अनादि रूढी सिद्ध करता आली नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रूढी अन्याय्य आहे म्हणून हा निकाल लागला नव्हता. ती पुरातन असल्याचा पुरावा पुरला नाही, एवढ्यावरच तो उभा होता. तरीही जे अनादि म्हणून हजारो माणसांना दटावत होते त्याला तारीख विचारली गेली आणि त्याला ती सांगता आली नाही, ही घटना लहान नाही.

हाच प्रश्न बाबासाहेबांनी पुढे संपूर्ण अस्पृश्यतेला विचारला. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा काळ इसवी सन ४०० च्या सुमारास ठरवला. टोळ्यांपासून तुटून गावकुसाबाहेर राहिलेली माणसे, त्यांचा बौद्ध धर्म आणि गोमांसभक्षण यांची सांगड घालून त्यांनी हा सिद्धान्त उभारला. ज्याला आरंभ आहे त्याला अंतही असू शकतो. या ग्रंथाचे सामर्थ्य येथे आहे. पण त्याची प्रस्तावना आपले कार्यकर्ते किती वेळा वाचतात? पुराव्याचे दुवे जेथे तुटले आहेत तेथे आपण अनुमानाने ते जोडले, हे बाबासाहेबांनी तेथे उघड सांगितले आहे. खरे, संशयास्पद आणि खोटे वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य त्यांनी स्वतःवर बंधनकारक मानले.

१९७० च्या दशकात विवेकानंद झा यांनी प्राचीन भारतातील अस्पृश्यतेचे टप्पे मांडले, आणि त्यांच्या मते तिची सुरुवात इसवी सन ४०० च्या बरीच आधीची आहे. अशा वेळी आपण काय करतो? बहुधा रागावतो. बाबासाहेबांचा निष्कर्ष म्हणजे जणू पोथी, अशी आपली वृत्ती होते. ज्या माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला, त्याच्या ग्रंथाचीच भक्ती करणे हा त्याचा पराभव आहे. निष्कर्ष दुरुस्त होऊ शकेल. ‘केव्हापासून? कोणी? कोणाच्या हितासाठी?’ ही विचारण्याची रीत आपल्याला जपायची आहे.

ही रीत आपल्या चळवळीलाही लावावी लागेल. आपल्या इतिहासात स्त्रिया कोठे होत्या, हे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना प्रत्यक्ष भेटून विचारले, तेव्हा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये निघाले. तोवर कित्येक दशके आपण पुरुषांच्या नावांची यादी म्हणजेच चळवळ असे समजत होतो. आपणच लिहिलेला इतिहास असा अर्धा राहत असेल, तर दुसऱ्याकडे बोट दाखवताना हात थोडा कापला पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या जयंतीला भाषण पाठ करण्याऐवजी आपल्या गावाच्या एकाच ‘पूर्वापार’चा शोध घ्या. वतनाची जमीन कोणाच्या नावावर गेली, पाणवठा केव्हा खुला झाला, शाळेच्या जुन्या दाखलेवहीत आपले पहिले नाव कोणत्या साली आले, पहिली मुलगी कोणत्या साली आली. कागद पाहा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, दोन्ही जुळत नसतील तर तसे नोंदवा. जे सापडेल ते नेहमीच गौरवाचे नसेल. कधी आपल्याच माणसाने फितुरी केलेली दिसेल, कधी आपल्याच वस्तीने दुसऱ्या जातीला विहिरीवरून हटवलेले दिसेल. तेही लिहा. महाडला आपण ज्यांना पुरावा मागितला, त्यांच्यापुढे उभे राहण्याचा नैतिक अधिकार आपल्याला तेवढ्यानेच मिळतो.