मराठी मालिकांचे वर्गीकरण: शेवटाची कसोटी

मराठी मालिकांची वर्गवारी बहुधा विषयावरून होते: कौटुंबिक, ऐतिहासिक, रहस्यमय, विनोदी. त्यातून मालिकेची घडण कळत नाही. दैनंदिन की साप्ताहिक, हा भेदही अपुरा पडतो. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (2017) रोज दिसत असे, पण तिचा शेवट इतिहासानेच ठरवलेला होता. कथानक कुठे संपते, ही कसोटी अधिक नेमकी ठरते.

पहिल्या प्रकारात गोष्ट त्याच भागात संपते, पात्रे मात्र कायम राहतात. चिं. वि. जोशींच्या कथांवरील मुंबई दूरदर्शनची ‘चिमणराव’, पोलीस तपासाची ‘एक शून्य शून्य’ आणि अल्फा मराठीवरील ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (2001) ही त्याची उदाहरणे. टिपऱ्यांच्या घरात एखादी किरकोळ अडचण येते आणि भाग संपेपर्यंत मिटते. मधला एखादा भाग चुकला तरी पुढचा समजतो. इथे रस घटनेपेक्षा स्वभावांत असतो.

दुसरा प्रकार कथामालेचा. ‘पिंपळपान’मध्ये मराठी साहित्यकृती काही भागांत सादर होत, नवी कथा आली की पात्रेही बदलत. तिसरा प्रकार मर्यादित मालिकेचा. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांचा आराखडा रूढ होता, त्यामुळे लेखकाला शेवट आधीच ठाऊक असे.

चौथा प्रकार अखंड दैनंदिन मालिकेचा. ई टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. या प्रकारात एक उपकथानक (ट्रॅक) संपण्याआधी दुसरे सुरू होते. ‘काहे दिया परदेस’मध्ये (2016) मुंबईची गौरी आणि बनारसचा शिव यांची प्रेमकथा होती. चित्रपट लग्नापाशी थांबला असता. मालिका लग्नानंतर सासरच्या गोष्टीकडे वळली. टीआरपी चांगला असला की लांबण लागते, घसरला की मालिका गुंडाळली जाते.

पाचवा प्रकार पर्वांचा. ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व (2016) कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाले, दुसऱ्याने (2019) मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवले. रहस्याची जागा स्वभावचित्रणाने घेतली. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ ही वेब मालिकाही 2020 आणि 2021 अशा दोन पर्वांत आली.

प्रकारांची सरमिसळ होतेच. ‘रात्रीस खेळ चाले’ पर्वांत विभागलेली असूनही प्रत्येक पर्वात दैनंदिनच होती. तरीही मालिका जोखण्याची कसोटी प्रकारानुसार बदलायला हवी. अखंड मालिकेला केवळ लांबीबद्दल दोष देणे व्यर्थ. तिच्यात पात्रे काळाबरोबर बदलतात का, हे पाहावे. मर्यादित मालिकेला मात्र लांबण माफ नाही. आज वाहिन्यांचा प्राइम टाइम बहुतांशी चौथ्या प्रकाराने व्यापला आहे. मराठी मालिकेची खरी उणीव विषयांपेक्षा या एकाच घडणीच्या वर्चस्वात आहे.